हातातले जीपीएस आणि नकाशावरचे तीन मिलिमीटर

गडहिंग्लजच्या एका शाळेतील भूगोलाच्या शिक्षकांनी आम्हाला एकदा विचारले, "पदभ्रमण मंडळाकडे थोडे पैसे जमले आहेत. हातात धरायचे जीपीएस यंत्र घ्यावे असे मुलांचे म्हणणे आहे. कोणते घ्यावे?" सुट्टीत सामानगड, कलानिधीगड, पारगड असे किल्ले पाहायचे, आणि अक्षांश-रेखांशांवरून लपवलेली वस्तू शोधण्याचा जो खेळ परदेशात 'जिओकॅशिंग' नावाने चालतो तो शाळेच्या माळावर खेळून पाहायचा, असा मुलांचा बेत होता.

प्रश्न साधा होता, पण माहितीपत्रके समोर ठेवली तेव्हा आम्हीही चक्रावलो. 'मल्टिबँड', 'उच्च संवेदनशील रिसीव्हर', 'बॅरोमेट्रिक अल्टिमीटर', 'डब्ल्यूजीएस 84' असे शब्द दाटीवाटीने छापलेले. यातले काय हवे आणि काय नको? विचार करता करता आमच्या लक्षात आले की या यादीतील जवळजवळ प्रत्येक शब्द म्हणजे कुठल्यातरी जुन्या अडचणीवर कुणीतरी काढलेला तोडगा आहे. ती अडचण समजली, की ती आपलीही अडचण आहे का हे ठरवता येते. म्हणून यंत्रांच्या किमतींची तुलना करण्याऐवजी आम्ही त्या शिक्षकांना या यंत्राचा इतिहासच सांगितला. त्याची सुरुवात मात्र आमच्या एका फजितीपासून करावी लागली.

सामानगडावरचा ठिपका

सामानगड हा गडहिंग्लजपासून दहा-बारा किलोमीटरवरचा आटोपशीर किल्ला. 1844 मध्ये कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांनी जो उठाव केला, त्यात या गडाचे नाव पुढे होते. काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रांकडून मागून आणलेले एक जीपीएस यंत्र आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा एक जुना, एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा घेऊन तेथे गेलो होतो.

या नकाशांना सगळे 'टोपोशीट' म्हणतात. त्यांच्या क्रमांकाची पद्धत मुलांना जरूर सांगावी. 47 हा क्रमांक 16 ते 20 अंश उत्तर आणि 72 ते 76 अंश पूर्व या चौकोनाचा. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग केले की ए ते पी ही अक्षरे येतात, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग. गडहिंग्लज साधारण 16 अंश 13 मिनिटे उत्तर आणि 74 अंश 21 मिनिटे पूर्व येथे आहे. म्हणून त्याचा नकाशा 47 एल/8. शेजारचे चंदगड मात्र 16 अंशांच्या दक्षिणेला असल्याने 48 क्रमांकाच्या चौकोनात जाते. एकाच जिल्ह्यातले दोन तालुके, पण नकाशे वेगळ्या गठ्ठ्यातले!

तर सामानगडाच्या तटाच्या आत आम्ही उभे राहिलो, यंत्रावरचे अक्षांश-रेखांश वाचले, आणि पट्टी धरून नकाशावर ठिपका दिला. ठिपका पडला गडाच्या बाहेर, उतारावर. आम्ही जागा बदलली, पाच मिनिटे थांबलो, पुन्हा मोजले. पुन्हा तेच. नकाशावर ही चूक जेमतेम तीन मिलिमीटरची होती. पण एकास पन्नास हजार प्रमाणात तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दीडशे मीटर. तटाच्या आत असणे आणि तटाखालच्या झाडीत असणे यातला हा फरक आहे.

"यंत्र बिघडले आहे," असा निकाल देऊन आम्ही खाली उतरलो. निकाल चुकीचा होता. यंत्र बरोबर होते आणि नकाशाही बरोबर होता. चूक आमची होती, कारण दोघांची पृथ्वी वेगळी आहे हे आम्ही विसरलो होतो. ही दुसरी पृथ्वी कोठून आली हे कळण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते.

अर्धा टन वजनाचे यंत्र

एप्रिल 1802 मध्ये विल्यम लँबटन या अधिकाऱ्याने मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटर लांबीची एक रेषा साखळ्यांनी अतिशय काळजीपूर्वक मोजली. ही रेषा पाया धरून त्याने त्रिकोणांची साखळी बांधायला सुरुवात केली. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात, हे आपण नववी-दहावीला शिकवतो. लँबटनने तेच केले. फक्त त्याचे त्रिकोण टेकडीपासून टेकडीपर्यंत पसरलेले होते.

कोन मोजण्यासाठी त्याच्याकडे जे थिओडोलाइट होते, त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते आणि त्याचे अंशांकित वर्तुळ तीन फूट व्यासाचे होते. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. लँबटनने तंबूत बसून काही आठवडे खपून ते वाकलेले वर्तुळ पुन्हा सरळ केले. कामाचा हा माणूस 1823 च्या जानेवारीत नागपूरकडे जात असताना वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. हिंगणघाटच्या शाळांना ही सहल पायी करता येण्याजोगी आहे.

लँबटननंतर जॉर्ज एव्हरेस्टने हे काम पुढे नेले. आता अडचण अशी, की पृथ्वी पूर्ण गोल नाही. ध्रुवांकडे ती किंचित चपटी आहे. त्रिकोणांचे गणित करायचे तर आधी पृथ्वीचा आकार ठरवायला हवा, आणि पृथ्वीचा आकार कळायला मोजणी हवी. एव्हरेस्टने भारतातील मोजमापांचा आधार घेऊन 1830 मध्ये एक चपटा गोल निश्चित केला. मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे मूळ स्थानक धरून तो गोल भारताच्या भूमीला जुळवला. आकार कोणता आणि तो कुठे टेकवायचा, या दोन निर्णयांना मिळून सर्वेक्षणाच्या भाषेत 'डेटम' म्हणतात.

एव्हरेस्टच्या गोलाची विषुववृत्तीय त्रिज्या आज मान्य असलेल्या त्रिज्येपेक्षा सुमारे साडेआठशे मीटरने कमी आहे. सुमारे सहा हजार चारशे किलोमीटरमध्ये एवढासा फरक, तोही त्या काळच्या साधनांनी! भारताचे नकाशे काढायला हा गोल उत्तम होता, आणि पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ तो वापरात राहिला. आमच्या हातातले 47 एल/8 त्याच गोलावर काढलेले होते. उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, त्यांना कल्याणपूर माहीत नाही. जीपीएससाठी जो जागतिक डेटम ठरला तो 'डब्ल्यूजीएस 84'. या दोन्हींत एकाच जागेचे अक्षांश-रेखांश थोडे वेगळे येतात, आणि गडहिंग्लज परिसरात हा फरक जमिनीवर सुमारे दीडशे मीटर भरतो. सामानगडावर आम्हाला सापडलेले तीन मिलिमीटर ते हेच.

स्पुटनिकची शिट्टी

आता यंत्राकडे येऊ. 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतले विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचा रेडिओसंदेश ऐकत बसले. घाट उतरून येणाऱ्या एसटीचा हॉर्न जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरलेला ऐकू येतो. तसाच बदल त्यांना संदेशाच्या वारंवारितेत दिसला. हाच डॉप्लर परिणाम. त्यावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढून दाखवली. 1958 मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनी प्रश्न उलटा केला: जमिनीवरची जागा माहीत असताना उपग्रह शोधता येतो, तर उपग्रहाची कक्षा माहीत असताना जमिनीवरची जागा का नाही शोधता येणार?

या उलट्या प्रश्नातून 'ट्रान्झिट' ही पहिली उपग्रह स्थाननिश्चिती यंत्रणा उभी राहिली आणि 1964 मध्ये ती कामाला लागली. पण तिच्यात उपग्रह डोक्यावरून जाण्याची वाट पाहावी लागे. ही उणीव दूर करण्यासाठी 1973 मध्ये जीपीएसची आखणी मंजूर झाली आणि फेब्रुवारी 1978 मध्ये तिचा पहिला उपग्रह सुटला. हे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि जवळजवळ बारा तासांत एक फेरी पूर्ण करतात.

तत्त्व सोपे आहे. उपग्रह सतत सांगत असतो, "मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत." संदेश पोचायला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे उपग्रहापर्यंतचे अंतर. तीन अंतरे कळली की जागा कळते. मग चार उपग्रह का लागतात? कारण आपल्या हातातल्या यंत्राचे घड्याळ स्वस्तातले असते. ते एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतर तीनशे मीटरने चुकते. म्हणून अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक ही चार अज्ञाते, आणि ती सोडवायला चार समीकरणे. बीजगणिताच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

उपग्रहांवरची घड्याळे अणुघड्याळे असतात. तरीही सापेक्षता सिद्धांतानुसार ती जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नसती तर चूक रोज दहा किलोमीटरहून अधिक वाढत गेली असती.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत, कारण ते आम्हाला शिक्षकांमध्येही आढळले आहेत. पहिला, की उपग्रहाला आपण कुठे आहोत हे कळते. तसे नाही. यंत्र नुसते ऐकते, बोलत नाही. आकाशवाणीला जसा तुमचा रेडिओ माहीत नसतो, तसेच हे. दुसरा, की मोबाइलची रेंज गेली की जीपीएस बंद पडते. रेंजमुळे पहिली स्थाननिश्चिती लवकर होते आणि नकाशाचे चित्र उतरवून घेता येते. पण उपग्रहांचे संदेश ऐकायला रेंज लागत नाही. सिमकार्ड नसलेला फोनही मोकळ्या माळावर आपली जागा सांगू शकतो.

मुद्दाम घातलेली चूक

1 सप्टेंबर 1983 रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. 269 माणसे मेली. त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले, की जीपीएस तयार झाल्यावर ते नागरी वापरासाठी खुले राहील.

पण जी यंत्रणा लष्कराची, तिची सगळी अचूकता इतरांना द्यायची कशी? म्हणून 1990 पासून नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळण्यात येऊ लागली. तिला 'सिलेक्टिव्ह अ‍ॅव्हेलेबिलिटी' म्हणत. परिणामी सामान्य यंत्राने दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे असे. याच सुमारास यंत्रे हातात मावू लागली होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीची नागरी यंत्रे वीस किलोहून जड आणि एक लाख डॉलरच्या घरातली होती. 1989 मध्ये मॅगेलन कंपनीचे हातात धरण्याजोगे पहिले नागरी यंत्र आले, ते सुमारे तीन हजार डॉलरचे. आखाती युद्धाच्या वेळी अमेरिकी सैन्याला लष्करी यंत्रे पुरेनात, तेव्हा अशी नागरी यंत्रेच विकत घेतली गेली, आणि त्या काळापुरती ती मुद्दाम घातलेली चूक काढून टाकावी लागली! पुढे एप्रिल 1995 मध्ये 24 उपग्रहांची यंत्रणा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले.

शंभर मीटर ही चूक जहाजाला चालते. सह्याद्रीच्या कड्यावर चालत नाही. म्हणून त्या काळी जीपीएस ही डोंगरात फिरणाऱ्यांच्या दृष्टीने गंमतीची वस्तू होती, भरवशाची नव्हे.

बादलीतला खजिना

अमेरिकेत 1 मे 2000 ची मध्यरात्र उलटली आणि ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्यात आली. आपल्याकडे तेव्हा 2 मे रोजी सकाळचे साडेनऊ वाजले होते. जगातल्या सगळ्या जुन्या यंत्रांची अचूकता, एकही स्क्रू न फिरवता, एका रात्रीत सुमारे दहापट सुधारली. शंभर मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली.

3 मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थांनी हे तपासून पाहण्यासाठी एक काळी बादली रानात अर्धवट पुरली. आत काही पुस्तके, कॅसेट, एक गलोल, डब्यातल्या शेंगा आणि एक वही ठेवली आणि जागेचे अक्षांश-रेखांश संगणकावरून जाहीर केले. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधून काढली. त्याच महिन्यात या खेळाला 'जिओकॅशिंग' हे नाव मिळाले. म्हणजे हा खेळ एका तांत्रिक निर्णयातून निघाला. चूक शंभर मीटर असती तर बादली कुणाला सापडली असती?

त्यानंतर यंत्रांचे गुण झपाट्याने बदलले. 1989 च्या यंत्रांना उपग्रह एकामागून एक ऐकावे लागत. दहा वर्षांत एकाच वेळी बारा उपग्रह ऐकणारी, दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालणारी यंत्रे आली. 2005 च्या सुमारास रिसीव्हरची संवेदनशीलता इतकी वाढली, की झाडांच्या दाटीतही संदेश पकडता येऊ लागला. 2011 पासून अशा यंत्रांत रशियाचे 'ग्लोनास', मग युरोपचे 'गॅलिलिओ' हे उपग्रहही आले. 2020 च्या सुमारास दोन वारंवारितांवर ऐकणारी, म्हणजेच 'मल्टिबँड' यंत्रे आली. दरीत किंवा कड्याखाली उपग्रहाचा संदेश खडकावर आपटून येतो आणि त्याचा रस्ता लांबतो. दुसरी वारंवारिता असली की असे उसने संदेश ओळखणे सोपे जाते.

भारताचीही स्वतःची यंत्रणा आहे. 1 जुलै 2013 रोजी तिचा पहिला उपग्रह सुटला आणि 2016 मध्ये सात उपग्रह पूर्ण झाल्यावर तिला 'नाविक' हे नाव मिळाले. हे उपग्रह जवळजवळ 36,000 किलोमीटरवर, भारताच्या दृष्टीने कायम उंच आकाशात असतात. घाटातल्या चिंचोळ्या आकाशासाठी ही कल्पना फार चांगली आहे. पण त्यांतील काही उपग्रहांची परदेशी अणुघड्याळे बंद पडली. मे 2023 मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहावर स्वदेशी अणुघड्याळ बसवले गेले. जानेवारी 2025 मधला पुढचा उपग्रह मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. म्हणून नाविक असलेले यंत्र मिळाले तर आनंदाने घ्यावे, पण ते इतर यंत्रणांना पूरक समजावे.

मग यंत्र कोणते?

एवढे सांगून झाल्यावर शिक्षक हसून म्हणाले, "इतिहास समजला. आता सांगा, घ्यायचे काय?" आम्ही जे सांगितले ते असे.

पहिली गोष्ट म्हणजे आधी फोन वापरून पाहा. शाळेच्या माळावरचा शोधाचा खेळ आणि उन्हाळ्यातला सामानगड यांसाठी चांगला फोन आणि आधीच उतरवून ठेवलेला नकाशा पुरतो. वेगळे यंत्र लागते ते पाऊस, धुके आणि लांब चाल यांसाठी.

ते घ्यायचेच ठरले तर सेल पाहा. डोंगरात यंत्र निरुपयोगी होते ते बहुधा वीज संपल्यामुळे, अचूकता कमी पडल्यामुळे नव्हे. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र बरे, कारण ते सेल गडहिंग्लजच्या बाजारातच काय, वाटेवरच्या खेड्यातल्या दुकानातही मिळतात. बटणे की स्पर्शाचा पडदा? ओल्या बोटांनी आणि पावसाच्या थेंबांनी स्पर्शाचा पडदा भांबावतो. बटणे जुनाट दिसतात, पण आंबोलीच्या पावसात चालतात. पडदा उन्हात वाचता येतो का, हे दुकानाबाहेर येऊन पाहावे.

दोन-तीन यंत्रणांचे उपग्रह ऐकणारे यंत्र घ्यावे. मल्टिबँडसाठी जास्त पैसे मोजायचे ते दरीखोऱ्यांत बरेच फिरणार असाल तरच. माळावर त्याचा फारसा फरक पडत नाही. हवेच्या दाबावरून उंची सांगणारा अल्टिमीटर चढ-उतार छान दाखवतो, पण हवामान बदलले की त्याची उंचीही बदलते. माहीत असलेल्या उंचीवर त्याला रोज जुळवून घ्यावे लागते. उपग्रहांवरून येणारी उंची तर गणिती गोलापासूनची असते. आपल्या भागात प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या गोलाच्या साठ मीटरांहून अधिक खाली आहे. यंत्रे ही दुरुस्ती आतल्या आत करतात, पण दोन साधनांवरच्या उंची जुळल्या नाहीत तर हे कारण आठवावे.

डेटम बदलता येतो की नाही, हे दुकानदाराला अवश्य विचारा. जुना नकाशा वापरणार असाल तर यंत्र त्या नकाशाच्या डेटमवर लावा. यादीत 'इंडियन' नावाचे एकाहून अधिक पर्याय दिसतात. ते वेगवेगळ्या देशांसाठी आहेत, नीट पाहून निवडा. त्याहून सोपा उपाय म्हणजे नवा नकाशा मिळवणे. पूर्वी किनाऱ्यालगतच्या आणि सीमेलगतच्या पट्ट्यांतील टोपोशीट सामान्य नागरिकांना मिळत नसत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी नकाशामाला सुरू झाली, आणि ती डब्ल्यूजीएस 84 वरच आहे. तिचे क्रमांकही वेगळे आहेत. आपल्या नकाशाचा क्रमांक आता ई 43 ने सुरू होतो. त्यावर सामानगडातला ठिपका तटाच्या आतच पडतो, हे आम्ही नंतर पडताळून पाहिले.

एक सूचना कायद्याची. उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याची सोय असलेली यंत्रे परदेशात सर्रास विकली जातात. भारतात परवान्याशिवाय ती बाळगणे गुन्हा ठरतो, आणि अशी यंत्रे घेऊन आलेल्या प्रवाशांना ताब्यात घेतल्याचे प्रसंग घडले आहेत. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेले यंत्र नुसते ऐकणारे आहे की बोलणारेही, हे तपासा.

धुक्यातला बाण

शेवटची गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. एका ऑगस्टमध्ये आम्ही काही जण आंबोलीच्या बाजूच्या एका सड्यावर होतो. हिरण्यकेशी याच भागात उगम पावते आणि आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे येते. दुपारी धुके उतरले आणि दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा झाला. गाडी जिथे उभी होती ती जागा यंत्रात नोंदलेली होती. एकाने यंत्राला 'तिकडे चला' असे सांगितले. बाण ठामपणे समोर वळला, अंतर आले आठशे मीटर. आम्ही बाणामागे निघालोही. शंभरएक पावलांवर वाऱ्याचा आवाज बदलला, आणि आमच्यातल्या एका स्थानिक सोबत्याने हात आडवा धरला. समोर जमीन नव्हती. गाडी दरीपलीकडच्या धारेवर होती, आणि बाण सरळ दरी ओलांडून जात होता.

यंत्र तेव्हाही बरोबर होते. आठशे मीटर हे अंतर अचूक होते. पण ते कावळ्याचे अंतर होते, माणसाचे नव्हे. आम्ही बाण बंद केला. सुदैवाने सकाळपासून चाललेली वाट यंत्रात नोंदली जात होती. ती पडद्यावर आणली आणि आलो त्याच वाटेने, वळणे घेत, दोन तासांनी परत पोचलो.

म्हणून ज्या मुलांच्या हाती यंत्र द्यायचे, त्यांना पहिल्या दिवशी बाण शिकवू नये. चाललेल्या वाटेची नोंद कशी सुरू करायची आणि तिच्यावरून मागे कसे यायचे, ते शिकवावे. आणि यंत्र पिशवीत असले तरी कागदी नकाशा, साधे होकायंत्र आणि वाट माहीत असलेला गावकरी यांच्यातले काहीही वगळू नये.

वर्गासाठी तीन उपक्रम

एक: शाळेच्या पटांगणात एक खूण करा. तेथे दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांश वाचा. अशी वीस वाचने आलेख-कागदावर मांडा. आपल्या भागात अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे 31 मीटर, आणि रेखांशाचा एक सेकंद सुमारे 30 मीटर. रेखांशाचा सेकंद लहान का, हे मुलांना त्रिकोणमितीने काढू द्या. ठिपक्यांचा पुंजका म्हणजे तुमच्या यंत्राची खरी अचूकता. माहितीपत्रकापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

दोन: 16.2242 अंश ही संख्या फळ्यावर लिहा आणि मुलांना ती अंश-मिनिटांत लिहायला सांगा. उत्तर 16 अंश 13.45 मिनिटे. बरीच मुले 16 अंश 22.42 मिनिटे असे लिहितील. या चुकीमुळे जागा सुमारे साडेसोळा किलोमीटर उत्तरेला सरकते. ती कुठे जाऊन पडते, ते नकाशावर शोधायला लावा. ही चूक पुन्हा होणार नाही.

तीन: आवारात एक डबा लपवा आणि अक्षांश-रेखांश दोन गटांना द्या. एका गटाचे यंत्र डब्ल्यूजीएस 84 वर ठेवा, दुसऱ्याचे गुपचूप वेगळ्या डेटमवर. दुसरा गट आवाराच्या कुंपणाबाहेर भटकत राहील आणि "यंत्र बिघडले" असे म्हणेल. तेव्हा त्यांना लँबटनचे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट आणि हिंगणघाटची कबर यांची गोष्ट सांगावी. (डबा बसस्थानकात, मंदिरात किंवा संरक्षित स्मारकात मात्र लपवू नये. बेवारस डब्याने पोलिसांची धावपळ होते आणि जुन्या दगडांची नासधूस होते.)

त्या शाळेने शेवटी पेन्सिल सेलवर चालणारे, बटणांचे, साधेच यंत्र घेतले आणि उरलेल्या पैशांत चार होकायंत्रे आणली. यंत्राच्या पाठीवर मुलांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर लिहिले आहे: "डेटम पाहिला का?"